जुन्या घाटातली उलटफेरी

मी पडलो, असे जे सांगितले जाते ते खरे नाही. मी उतरलो. उतरण्याची जागा मी निवडलेली नव्हती आणि उतरण्याची रीतही शिष्टसंमत नव्हती, एवढे मान्य करायला माझी हरकत नाही. परंतु पडणे ही निराळी गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी मला इतरांहून अधिक कळते, असा माझा दावा आहे.

दावा हा शब्द मी सहज वापरलेला नाही. माझी सारी नोकरी अपघातांच्या विम्याचे दावे तपासण्यात गेली. कसारा घाटात उलटलेले ट्रक, लासलगावच्या रस्त्यावर कांद्यासकट कलंडलेले ट्रॅक्टर, देवळाली कॅम्पच्या वळणावर भिंतीत शिरलेल्या जीपा, हे सारे मी वाकून, गुडघे टेकून, प्रसंगी गाडीखाली निजून पाहिलेले आहे. प्रत्येक ठिकाणी चालक मला सांगे की समोरून अचानक म्हैस आली. माझ्या हिशेबाने या जिल्ह्यात जितक्या म्हशी आडव्या आल्या, तितक्या म्हशी या जिल्ह्यात कधीच नव्हत्या. तेव्हा कोणते वाहन कुठे, कोणत्या बाजूला आणि कोणाच्या चुकीने आडवे झाले, हे ठरवण्याचा अधिकार मी कष्टाने मिळवलेला आहे. असे असताना गंगापूर रोडवरच्या दोन निवृत्त गृहस्थांनी माझ्याविषयी निकाल द्यावा, आणि तो माझ्याआधी माझ्या घरी पोहोचवावा, हे मला सहन होण्यासारखे नाही. त्यांच्या हकीकतीच्या तोंडी आवृत्त्या बऱ्याच निघाल्या आहेत. म्हणून माझी बाजू मी लेखी मांडतो.

हे दोन गृहस्थ कोण, ते आधी सांगितले पाहिजे. एक बँकेतून मोठ्या पदावरून निवृत्त झाले. त्यांना आम्ही बँकसाहेब म्हणतो. दुसरे दातांचे डॉक्टर. त्यांना आम्ही नुसते डॉक्टर म्हणतो, आणि पुढच्या अनर्थाचे मूळ तिथेच आहे, कारण त्यामुळे दात सोडून शरीराच्या बाकीच्या भागांविषयीही त्यांचे मत घेण्याची लोकांना सवय लागली. तिसरा मी. मला ते दोघे सर्व्हेअर म्हणतात, रागावले म्हणजे सर्व्हेअरसाहेब म्हणतात. आम्ही तिघेही सत्तरीच्या पलीकडचे असून रविवारी उजाडताना सायकली काढतो.

माझी सायकल घरात आली ती एका अटीवर आली. सत्तरी झाल्यावर मी गिअरची सायकल घेतली, त्या दिवशी हे दोघे पोहे खायला आले होते आणि त्यांच्यासमोरच आमच्या सौ.ने मला बजावले होते, "ज्या दिवशी घाट चढवणार नाही, त्या दिवशी ही सायकल कोणाला तरी देऊन टाकायची. कुरकुर चालणार नाही." मी तत्काळ होकार दिला. ती अट मला तेव्हा फारच सौम्य वाटली होती. किंबहुना मला न चढवणारा घाट या जिल्ह्यात आहे, अशी कल्पना तिने करावी याचाच थोडा अपमान वाटला होता. त्या पोह्यांना साक्षीदार होते, हे मात्र मी विसरायला नको होते.

घाट म्हणजे आमचा जुना घाट. गिरणारे मागे पडले की टोमॅटोचे क्रेट, ते वाहणारे टेम्पो आणि त्या टेम्पोंचे हॉर्न संपतात. पुढे वाघेऱ्याच्या अंगाला डोंगर जवळ येऊ लागतात आणि एका वळणावर डाव्या हाताला हा रस्ता फुटतो. त्याची खूण म्हणजे तोंडाशीच आडवे टाकलेले मोठमोठे दगड. काही वर्षांपूर्वी दरड कोसळून या रस्त्याचा एक तुकडा गेला, मधली मोरी वाहून गेली. मग नवा रस्ता दुसरीकडून काढला गेला आणि हा तसाच सोडून दिला गेला. दगडांमुळे मोटार आत शिरत नाही, मोरीमुळे मोटारसायकल पुढे जात नाही. सायकल मात्र जाते, कारण सायकल उचलता येते. वाहनांची प्रतवारी मी हल्ली एवढ्याच कसोटीवर करतो.

आत शिरले की पहिल्यांदा जाणवते ते कानांना. शहरात राहणाऱ्या माणसाचे कान सदैव मागे लागलेले असतात; मागून काय येते आहे याची चाहूल घेता घेता ते थकून गेलेले असतात, आणि हे त्यांना स्वतःला ठाऊकही नसते. दगड ओलांडून थोडे पुढे गेले की ते आपोआप पुढे वळतात. मग साखळीचा आवाज ऐकू येतो, सागाचे पान पानावर पडल्याचा येतो, दरीत कुठेतरी गुराच्या गळ्यातली लाकडी घाटी वाजते ती येते. दुतर्फा साग आणि ऐन, मधून मधून मोह, कडेला करवंदाच्या जाळ्या. डांबर जागोजागी निघून गेले असून त्याच्या भेगांतून गवत वर आलेले आहे. समोरून येतात त्या डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बाया, एखादा शेळ्यांचा कळप. बाया आमच्याकडे बघून तोंडाला पदर लावतात. एकदा एकीने विचारले होते, "बाबा, गाडी बंद पडली का काय?" मी म्हणालो की नाही, ही अशीच असते. तिने फार सहानुभूतीने मान हलवली.

हा रस्ता आपण शोधला, असे बँकसाहेब सांगतात. फोनवरच्या नकाशात त्यांनी तो हेरला म्हणे. त्यांच्या फोनवरच्या नकाशात तो रस्ता मुळातच नाही. तिथे नुसते हिरवे आहे. नसलेला रस्ता नकाशात सापडणे हे बँकेत शक्य असेल. मी त्या रस्त्याला, तिथे गाड्या धावत होत्या तेव्हापासून ओळखतो. वरून दुसऱ्या वळणावर मी एक जीप तपासलेली आहे. (म्हैस.)

आता त्या घाटातली आमची रीत सांगितल्यावाचून पुढचे काही कळायचे नाही. आरंभी असे होई की जो पहिला खिंडीत पोहोचे तो निवांत बसे, पाणी पिई, चणे खाई. दुसरा येई, तोही बसे. आणि तिसरा धापा टाकत पोहोचला की हे दोघे ताजेतवाने होऊन उठत आणि म्हणत, चला. म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती कधी मिळत नसे. या अन्यायावर आम्ही उपाय काढला. जो पहिला वर पोहोचेल, त्याने खिंडीतल्या दगडाच्या देवाला हात लावायचा आणि तसेच उलटे खाली यायचे. सर्वांत मागचा जिथे भेटेल तिथून वळायचे आणि त्याच्या सोबतीने पुन्हा चढायचे. वाटेत चढाविषयी एक शब्दही बोलायचा नाही. हिला आम्ही उलटफेरी म्हणतो. ही रीत डॉक्टरांनी सुचवली, असे डॉक्टर म्हणतात. ती मी सुचवली.

कोणाचीही असो, तिचा एक परिणाम आमच्यापैकी कोणीच ताडला नव्हता. पहिले येणाऱ्याला घाट दोनदा चढावा लागतो, हे लक्षात येताच पहिले येण्यातली गोडी संपली. शेवटच्या वळणाच्या अलीकडे पोहोचलो की बँकसाहेबांच्या बुटाची नाडी सुटते. डॉक्टरांना एकाएकी निसर्ग दिसू लागतो. ते उतरून फुलांचे फोटो काढू लागतात, आणि एकाच तेरड्याचे सर्व बाजूंनी फोटो काढून होईपर्यंत उठत नाहीत. म्हाताऱ्यांनी सावकाश जाण्याची शर्यत लावलेली ज्याला पाहायची असेल, त्याने रविवारी सकाळी तिथे यावे. या भानगडीत सरळ मनाने चढणारा मी एकटाच. त्यामुळे उलटफेरी बहुधा माझ्याच वाट्याला येते, आणि याचा मला अभिमान आहे.

त्या रविवारी हेच झाले. पावसाळा सरत आला होता. घाटात धुके इतके दाट होते की समोरचा ऐन जवळ गेल्यावरच झाड व्हायचा. मोरीच्या खड्ड्यातून आम्ही नेहमीप्रमाणे सायकली एकमेकांच्या हातांत देत पार केल्या आणि चढू लागलो. डॉक्टर तेरड्यापाशी थांबले. बँकसाहेब नाडीपाशी थांबले. मी दोघांनाही ओलांडून धुक्यात शिरलो, खिंडीत पोहोचलो, देवाला हात लावला. देवावर झेंडूची ताजी माळ होती, पुढ्यात फोडलेल्या नारळाची भकले होती. त्यातला एक तुकडा प्रसाद म्हणून तोंडात टाकला आणि रीतीप्रमाणे उलटा निघालो. वळणावर शेवाळ होते. मी ब्रेक दाबला, मागचे चाक आपल्या मार्गाने गेले, आणि मी दुसऱ्या मार्गाने, आतल्या बाजूच्या करवंदीच्या जाळीत उतरलो. कोपर खरचटले. बाकी काही नाही.

नेमक्या त्याच क्षणी ते दोघे धुक्यातून वर आले, आणि त्यांनी काय पाहिले? मी जाळीत, आणि सायकलचे तोंड उताराकडे.

ही चूक आमच्याखेरीज कोणाच्या हातून होणार नाही. दुसऱ्या कोणत्याही घाटात, दुसऱ्या कोणत्याही मंडळींत, उताराकडे तोंड केलेला माणूस वरून आलेला असतो. आमच्यात तो वर पोहोचून सोबतीला परत निघालेला असू शकतो, किंवा अर्ध्यातून दम तुटून माघारी फिरलेला असू शकतो. आणि पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. माझ्या उलटफेऱ्या इतक्या पाहूनही त्या दोघांनी दुसरा अर्थ निवडला. मी वर जाऊन आलो आहे, असे मी जाळीतूनच सांगितले. बँकसाहेब म्हणाले, "हो हो, आधी बाहेर तर या." ज्या सुरात ते बोलले, तो सूर ते बँकेत कर्ज नामंजूर करताना वापरत असावेत.

डॉक्टरांनी मला दगडावर बसवले, नाडी पाहिली आणि मग तोंड उघडायला सांगितले. कोपर खरचटलेल्या माणसाचे तोंड पाहण्याचे कारण त्यांना आजही देता येत नाही. खोबऱ्याचा कण तिथे त्यांना दिसायला हवा होता, तो काही त्यांना दिसला नाही. खालच्या दाढेकडे लक्ष द्यायला हवे, एवढे मात्र म्हणाले. नंतर त्यांनी चक्कर असे निदान केले. पुढे वर न जाता दोघांनी मला मध्ये घालून खाली आणले, म्हणजे त्या दिवशी खिंडीत गेलेला मी एकटाच उरलो आणि साक्षीला कोणी राहिले नाही. गिरणाऱ्याला चहा सांगेपर्यंत डॉक्टरांचा फोन लागलेलाही होता. "वहिनी, घाबरू नका," असा त्यांनी आरंभ केला. हे तीन शब्द ऐकून न घाबरलेली बाई मी अद्याप पाहिलेली नाही.

घरी पोहोचेपर्यंत दोन हकीकती तयार होत्या. डॉक्टरांची अशी की मला चक्कर आली आणि मी पडलो. बँकसाहेबांची अधिक रसाळ: मी दमून अर्ध्यातून परत फिरलो, ते दोघे समोरून येताना दिसले, लाज वाटली, आणि सायकल झाडीत लपवण्याच्या प्रयत्नात मी पडलो. या दोन्ही हकीकतींत मी पडतो आणि दोन्हींत मी वर पोहोचत नाही. त्या दोन्ही मी तिथल्या तिथे खोडून काढल्या. चक्कर आलेला माणूस ब्रेक दाबत नाही. माझ्या मागच्या चाकाची शेवाळावरची खूण स्पष्ट आहे. लपणारा माणूस काटे असलेल्या जाळीत लपत नाही. हे सारे मी सौ.पुढे मुद्देसूद मांडले. तिने माझे कोपर धुतले, पुसले, आणि एकच विचारले.

"वर गेला होतात की नव्हतात?"

मी पडण्याविषयी पुन्हा सांगू लागलो, तेव्हा ती म्हणाली, "पडलात की उतरलात, ते तुमचं तुम्ही बघा. मला वरचं सांगा."

अट घाटाची होती, हे ती विसरलेली नव्हती. मी झेंडूची माळ सांगितली. बँकसाहेब म्हणाले की देव मागच्या रविवारीही तिथेच होता आणि झेंडू आता दसऱ्यापर्यंत कुठेही असणार. मी म्हणालो, माळ ताजी होती. ती ताजी होती हे कशावरून, असे त्यांनी विचारले. मी खोबऱ्याचे सांगितले. खोबरे उरले आहे का, असे त्यांनी विचारले. इतकी वर्षे जे प्रश्न मी लोकांना विचारले, ते सारे माझ्याच दिवाणखान्यात, माझाच चहा पिऊन मला विचारले गेले. त्या सगळ्या चालकांविषयी मला त्या दिवशी पहिल्यांदा किंचित वाईट वाटले. त्यांच्यापैकी एखाद्याला खरोखरच म्हैस आडवी आली असेल.

सौ. उठली. "तुमच्या तिघांपैकी कोणाचंच मला खरं वाटत नाही," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी मी वर येऊन उभी राहते. चढलात तर सायकल राहील. नाही चढलात तर मावशीच्या नातवाला द्यायची." मावशी म्हणजे आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई. त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या की नातू फार दिवसांपासून सायकल मागतोय. ही माहिती त्या वेळी कोणी मागितलेली नव्हती.

त्या रस्त्यावर गाडी जात नाही, याची मी सौ.ला आठवण करून दिली.

"मला पाय आहेत," ती म्हणाली. तिचे माहेर दिंडोरी तालुक्यातले, डोंगराला लागून. आणि रोज सकाळी ती ज्या गतीने फिरायला जाते, त्या गतीने तिच्याबरोबर जाणे मी कधीच सोडून दिले आहे.

मधल्या आठवड्यात एक चमत्कार घडला. बुधवारी संध्याकाळी डॉक्टर आणि बँकसाहेब दोघे एकत्र माझ्याकडे आले, आणि आल्या आल्या बसले नाहीत. डॉक्टरांनी सांगितले की परवापासून त्यांच्या सायकलच्या दोन्ही चाकांतली हवा गेलेली आहे आणि घरात पंप सापडत नाही. बँकसाहेबांच्या घरी, सर्व्हेअरांचे झाले, आता तुमचे कधी, असे विचारण्यात आले होते. वहिनी-मंडळी एकमेकींशी बोलतात, ही गोष्ट या दोन सुशिक्षित माणसांच्या ध्यानात आली नव्हती. माझ्या सायकलचा जो निकाल लागेल, तोच पुढे त्यांच्या सायकलींना लागू होणार होता. तेव्हा डॉक्टरांचे निदान बदलू लागले. ती चक्कर नसावी, नुसता झोक गेला असावा, असे ते म्हणाले. बँकसाहेबांनाही आता विचार करता मी वरून येत होतो असे वाटू लागले होते. इतकेच नव्हे, माझ्या तोंडाला खोबऱ्याचा वास येत होता, असे त्यांना आठवले.

एकदा दिलेली जबानी मी बदलून घेत नाही. मी दोघांनाही बसवले, चहा दिला, आणि त्यांच्या आधीच्या विधानांवर त्यांना ठाम राहायला सांगितले. मला त्यांची दया नको होती. मला ते खोटे ठरायला हवे होते, आणि ते उघड्यावर ठरायला हवे होते.

रविवारी आम्ही निघालो तेव्हा सौ. अजून अंगणात तुळशीला पाणी घालत होती. मुलगा तिला गाडीने दगडांपर्यंत सोडणार होता. हवा स्वच्छ होती. गिरणारे गेले, टेम्पो गेले. मोरीच्या खड्ड्यात सायकली हातोहात देताना डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले, "सर्व्हेअर, आज भांडू नका. नुसतं चढा हो. तिघांचं तुमच्यावर आहे." मी त्यांना सांगितले की भांडणे आणि चढणे मला एकाच वेळी येते.

चढाला लागल्यावर मात्र माझ्या लक्षात आले की मागे फारच शांतता आहे. वळून पाहिले. बँकसाहेबांची नाडी पायथ्याशीच सुटली होती. डॉक्टर फुलाचा फोटो काढत होते. तिथे फूल नव्हते. दोघेही मला मुद्दाम पुढे काढत होते, म्हणजे मी पहिला यावा. हा अपमान गिळणे मला चढापेक्षा जड गेले. मी त्या रागात दोन वळणे अशी काढली की पंचविशीतही काढली नसती, आणि तिथेच माझी चूक झाली, असे कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही.

मधला पट्टा दाट आहे. तिथे ऊन खाली पोहोचत नाही. पोहोचते ते नाण्याएवढे, आणि तेही हलते. कुठेतरी तांबट पक्षी आपले ठोके देत होता, थांबत नव्हता, घाईही करत नव्हता. मी माझे पेडल त्याच्या ठेक्याला लावले. पायवाटेने काही बाया वळणे तोडत वर चालल्या होत्या. दर वळणावर त्या माझ्या पुढे निघत आणि दर वळणावर थांबून, हा बाबा येतोय का ते पाहत. त्यांच्यामागून एक निळी साडी चालली होती. तिच्या पायांत फिरायचे पांढरे बूट होते. मी हाक मारली नाही, कारण हाक मारायला हवा लागते आणि ती मला दुसऱ्या कामाला हवी होती. तिनेही वळून पाहिले नाही. बायांशी ती काहीतरी बोलत होती आणि त्या सगळ्या हसत होत्या.

शेवटच्या वळणाच्या अलीकडे मी उतरलो. हे उतरणे पूर्णतः ऐच्छिक होते. छाती भात्यासारखी चालली होती, मांड्या माझे ऐकत नव्हत्या, आणि उभा राहून चार श्वास घेतल्याने कोणाचे काही बिघडत नाही, अशा विचाराने मी जमिनीवर पाय टेकवले. वर खिंड दिसत होती. सौ. देवाजवळच्या दगडावर बसली होती. तिने एक बूट काढून त्यातला खडा झटकला, पुन्हा घातला, आणि मग मला पाहिले. मी सायकलजवळ उभा होतो, सायकलवर नव्हतो. हे दिसण्यात चूक व्हायला त्या दिवशी धुकेही नव्हते.

ती उठली, देवाला हात लावला आणि उतरू लागली. पहिला पोहोचला त्याने खाली यायचे, ही आमची रीत तिने रविवारच्या जेवणावर इतक्या वेळा ऐकली होती की ती आम्हा तिघांपेक्षा तिलाच अधिक पाठ असावी. जवळ येऊन ती चढाविषयी काहीच बोलली नाही.

"त्या बायका विचारत होत्या, हे म्हातारे कुठल्या नवसाने येतात," ती म्हणाली.

"मग तू काय सांगितलंस?"

"नवस कुठला का असेना, फेडतात घरचे, असं म्हटलं." तिने माझ्या कपाळावरचा घाम पदराने टिपला. "चला."

माझ्या सायकलला मागे कॅरिअर आहे, डब्यासाठी. मी हँडल धरून चालू लागलो आणि तिने कॅरिअरवर हात ठेवला. असे आम्ही ते वळण आणि त्यापुढचा तुकडा पार केला. खिंडीत पोहोचून मी देवाला हात लावला. तोवर नाड्या आणि फुले आटोपून बाकीचे दोघेही वर येऊन ठेपले होते. त्यांच्या चेहऱ्यांकडे मी पाहिले. परीक्षेच्या निकालाला आलेल्या मुलांचे चेहरे असे असतात.

"चढले," सौ. म्हणाली. "सायकल राहू दे."

डॉक्टरांनी डोळे मिटले. बँकसाहेबांनी आपला फोन काढला, बहुधा घरी कळवायला. आणि मी, ज्याला गप्प बसणे सर्वांत सोयीचे होते, तो मी म्हणालो की हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. शेवटचा भाग मी पायी आलो आहे. जो चुकीचा निकाल विरुद्ध गेला तर मी मानत नाही, तो बाजूने गेला म्हणून कसा मानू? डॉक्टर माझा शर्ट मागून ओढत होते. मी शर्ट सोडवून घेतला. गेल्या रविवारी मी सायकलवर बसून चढलो तर कोणी मानले नाही, आणि आज उतरलो तर चढलो म्हणता. हा कुठला न्याय, असेही मी विचारले.

सौ. खाली बसून शेंगांची पुडी सोडत होती. "मी घाट चढायची अट घातली होती," ती म्हणाली. "बसून चढायची, असं कोण म्हणालं? अट माझी आहे. तिचा अर्थ मी लावीन."

विम्याच्या धंद्यात इतकी वर्षे काढून मी एवढे निर्दोष वाक्य ऐकले नव्हते. मी शेंगा घेतल्या.

"आणि गेल्या रविवारचं?" बँकसाहेबांनी विचारले. या माणसाला कुठे थांबावे ते कळत नाही.

"गेल्या रविवारीही हे वर आले होते," सौ. म्हणाली. "मला तेव्हाच कळलं होतं. कोपर धुताना मिशीत खोबरं होतं."

मग आठवडाभर हा तमाशा कशासाठी, असे मी विचारणार होतो. पण ती खिंडीच्या पलीकडे, हरसूलच्या बाजूला पसरलेल्या रानाकडे बघत होती, आणि रान त्या दिवशी खरोखर बघण्यासारखे होते. उतारभर सोनकी फुललेली, आणि त्या सबंध खोऱ्यात एका इंजिनाचाही आवाज नाही. "हे असं असतं हे तुम्ही कधी नीट सांगितलंच नाहीत," ती म्हणाली. "घरी येऊन नुसतं कोण पुढे, कोण मागे, एवढंच सांगता."

तेव्हापासून ती दर रविवारी येते. पायवाटेने येते, त्या बायांच्या सोबतीने, आणि आम्हा तिघांच्या आधी पोहोचते. त्यामुळे आता पहिले येण्याची भीती कोणाला उरलेली नाही आणि बँकसाहेबांच्या नाड्या पूर्वीपेक्षा घट्ट बसतात. माझी सायकल माझ्याकडे आहे. डॉक्टरांचा पंप सापडला.

त्या दिवसाच्या हकीकती मात्र पुन्हा दोन झाल्या आहेत. सौ.ने मला मागून ढकलत वर आणले, असे बँकसाहेब सांगतात. डॉक्टर त्याहून पुढे जातात. ते म्हणतात की माझा फक्त हात हँडलवर होता, बाकी सारे वहिनींचे होते. तिचा हात कॅरिअरवर होता, हे मी मान्य केलेच आहे. हात असणे आणि जोर असणे यांत फरक आहे. तिचे स्वतःचे म्हणणे असे की उतरताना गुडघ्यात कळ आली होती, म्हणून टेकू घेतला. तसे असेल तर ओझे माझ्यावर वाढायला हवे होते, आणि माझ्या सायकलचे वजन मला चांगले माहीत आहे.

परवा ती पोळ्या लाटत असताना मी तिला सरळच विचारले की जोर लावत होतीस का. तिने पोळी उलटली. "तुम्हाला काय वाटलं?" ती म्हणाली.

मला काय वाटले, ते मी तिला तिथेच सांगितले. इथे लिहिणार नाही. हे बँकसाहेब वाचणार आहेत.